शून्य टक्के सहकार्य

काशीनाथ मेश्राम हे वानोमा नावाच्या देशाचे ब्रिटनमधले मानद वाणिज्यदूत होते. वानोमा म्हणजे महासागरातली सहा बेटं. तिथे जायफळ पिकतं, मासे मिळतात आणि काही दुर्मीळ पक्षी दिसतात, एवढं काशीनाथरावांना माहीत होतं. ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. त्यांचा दूतावास म्हणजे हाउन्सलोमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली आणि दारावरची पितळी पाटी. पगार नव्हता आणि कामही नव्हतं. वर्षाकाठी दोन-तीन निवृत्त साहेब पक्षी बघायला वानोमाला जायचे. ते आधी फोन करून विचारायचे की तिथे डास फार आहेत का. काशीनाथराव म्हणायचे, आहेत.

ही नेमणूक त्यांना द्रौपदीबाईंच्या हाताच्या चवीमुळे मिळाली होती. काशीनाथराव हीथ्रोच्या कार्गोमध्ये नोकरीला असताना वरची छोटी खोली त्यांनी ओसान नावाच्या एका विद्यार्थ्याला दिली होती. तो वानोमाहून वकिली शिकायला आला होता. तीन वर्षं तो द्रौपदीबाईंच्या हातचं पिठलं, वांग्याचं भरीत आणि झणझणीत रस्सा खात राहिला, नाक पुसत राहिला आणि पास होत राहिला. पुढे तो आपल्या देशाचा परराष्ट्रमंत्री झाला आणि त्याने काकांना कॉन्सल करून टाकलं. ते पत्र काशीनाथरावांनी विहारात सगळ्यांना दाखवलं, आणि पुढची दोन वर्षं दाखवत राहिले.

अशी बावीस वर्षं सुखात गेली. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पोस्टमनने बेल वाजवली आणि सही घेऊन एक जाडजूड पाकीट हातात दिलं. पाकिटावर 'हिज एक्सलन्सी' असं छापलेलं होतं.

"द्रौपदी," काशीनाथराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "इथे काय लिहिलंय बघ."

"चष्मा नाही. तुम्हीच वाचा."

त्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या परिच्छेदाला खुर्ची ओढून बसले. पत्र क्रॉयडनच्या एका सरकारी कचेरीतून आलं होतं. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क संपलेल्या आपल्या नागरिकांना वानोमा परत घेत नाही, वारंवार लिहूनही उत्तर देत नाही, असा त्यात ठपका होता. तीस दिवसांत हे बदललं नाही तर पहिल्या टप्प्यात वानोमाच्या मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे व्हिसा बंद होतील. दुसऱ्या टप्प्यात सगळ्याच नागरिकांचे व्हिसा बंद होतील. तिसऱ्या टप्प्यात जायफळाच्या आयातीवरची सवलत जाईल आणि ब्रिटनमधून तिकडे जाणाऱ्या यंत्रसामग्रीवर बंधनं येतील. सोबत एक तक्ता होता. त्यात सहकार्याच्या टक्केवारीनुसार देश लावले होते आणि सर्वांत तळाला वानोमा होता. परत पाठवायचे नागरिक: एक. परत घेतलेले: शून्य. सहकार्य: शून्य टक्के.

"एका माणसासाठी?" द्रौपदीबाईंनी गॅस बारीक केला.

"प्रश्न माणसाचा नाही, टक्क्याचा आहे," काशीनाथराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण थोडी ऐटही होती. आजवर त्यांच्या देशाला कुणी धमकी देण्याइतपत मोजलं नव्हतं. "छोटा देश बघून दादागिरी चाललीय. मी कडक उत्तर देणार. वारंवार लिहिलं म्हणे. कधी लिहिलं? कुणाला लिहिलं?"

"मागच्या बाजूलाही काहीतरी छापलंय बघा."

पत्राच्या मागच्या पानावर पाच ईमेलच्या तारखा होत्या, आणि पुढे काशीनाथरावांचाच पत्ता होता.

शनिवारी त्यांची नात सान्वी स्लाऊहून आली. ती तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि आजोबांचा कॉम्प्युटर ही तिचीच जबाबदारी होती. दोन वर्षांपूर्वी एका खोट्या पार्सलच्या मेसेजला भुलून काशीनाथरावांनी आपली सगळी माहिती कुणाला तरी देऊन टाकली होती. तेव्हापासून सान्वीने नियम घालून दिला होता की ज्या मेलमध्ये 'अर्जंट', 'फायनल रिमाइंडर' किंवा 'गव्हर्नमेंट' असेल तो उघडायचा नाही, सरळ डिलीट करायचा. काशीनाथरावांनी हा नियम निष्ठेने पाळला होता. रोज सकाळी चहाबरोबर ते असे मेल टिपून टिपून मारायचे, आणि आज किती मारले ते द्रौपदीबाईंना सांगायचे.

सान्वीने जुन्या कचऱ्यातून ते शोधून काढले. क्रॉयडनचे पाच आणि आणखी दोन. हे दोन टिमोना नावाच्या कुणाचे तरी होते. विषय होता: 'अर्जंट. प्लीज हेल्प, सर.'

काशीनाथरावांनी सातही विषय एकेक करून वाचले.

"आजोबा, माझा चूक नाही आहे," सान्वी तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली. "मी स्कॅमसाठी सांगितली होती. तुम्ही कॉन्सल आहात, मग गव्हर्नमेंटचा मेल तर येणारच ना?"

"तू अपवाद सांगितला नव्हतास."

"ऑब्व्हियस होता."

काशीनाथराव उठून खिडकीशी गेले. त्यांचे वडील नागपुरात वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. रेशनचा अर्ज, नळाचा अर्ज, पोराच्या स्कॉलरशिपचा अर्ज. संध्याकाळी कंदील लावून ओसरीवर बसायचे आणि रांग लागायची. अर्ज न वाचता बाजूला सारणाऱ्या साहेबाइतका राग त्यांना दुसऱ्या कशाचाच येत नसे. काशीनाथ तेव्हा शाईची दौत धरून बसलेला असायचा आणि मनात म्हणायचा, मी साहेब झालो तर प्रत्येक अर्ज वाचीन. आता तो साहेब झाला होता आणि त्याने सात अर्ज मारले होते, तेही मोजून.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले.

"तो नंतर द्या," द्रौपदीबाई म्हणाल्या. "ज्याच्यापायी हे सगळं चाललंय त्या माणसाला आधी भेटा. त्याला अजून कुणी काही विचारलेलंच दिसत नाही."

टिमोनाच्या मेलमध्ये फोन नंबर होता. तो जवळच राहत होता, बसने पंधरा मिनिटांवर, एका गाड्या धुण्याच्या जागेमागच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी काशीनाथराव कोट-टाय घालून निघाले. द्रौपदीबाईही डबा घेऊन बरोबर निघाल्या. पहिल्यांदाच स्वतःचा नागरिक भेटणार होता, त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाणं त्यांना बरं वाटेना.

टिमोना पन्नाशीचा होता, ठेंगणा, रुंद खांद्यांचा. एका मालवाहू जहाजावर आचारी म्हणून तो आला होता आणि जहाज त्याला सोडून गेलं होतं. त्याला चौदा वर्षं झाली होती. तो दाराशी आला, काशीनाथरावांचा टाय बघितला आणि एकदम ताठ उभा राहिला.

"सर, तुम्ही खरे आहात?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तो पत्ता खोटा असेल."

काशीनाथरावांनी घरून तयार करून आणलेलं भाषण तिथेच संपलं. ते म्हणाले, "मी तुमचे मेल न वाचता पुसले. माझी चूक झाली."

टिमोनाने थोडा विचार केला. "दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने चहाला पाणी ठेवलं.

खोलीत एक खाट होती, एक खुर्ची होती, आणि मधोमध लाकडी घोडीवर बोटीचं एक इंजिन टांगलेलं होतं. बोटीच्या मागे लावतात ते, खाली पंखा असलेलं. ते घासूनपुसून इतकं चकचकीत केलेलं होतं की द्रौपदीबाईंना त्यात स्वतःची साडी दिसली.

टिमोनाने हळूहळू सगळं सांगितलं. परत जायचं म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या खुशीने सही केली होती. बेटावर त्याचे वडील होते, मुलगी होती आणि वडिलांची होडी होती. वडील अजून वल्ही मारत होते. इंजिन घेऊन येईन, असं सांगून तो चौदा वर्षांपूर्वी निघाला होता. हे इंजिन त्याने ब्रेंटफर्डच्या एका बोटयार्डात मोडीत पडलेलं पाहिलं, विकत घेतलं आणि तीन हिवाळे खपून चालू केलं. पण विमानात सामान तेवीस किलो आणि इंजिन एकेचाळीस. इंजिनाशिवाय जाणार नाही असं त्याने कचेरीत सांगितलं, तर त्यांनी कागदावर 'सहकार्यास नकार' असं लिहिलं. शिवाय पासपोर्ट नव्हता, म्हणून कॉन्सलला दोनदा लिहिलं. कॉन्सल गप्प.

"म्हणजे तुम्हाला जायचं आहे?" काशीनाथरावांनी विचारलं.

"जायचं आहे, सर. पण मला पाठवलं असं नको. मी गेलो असं हवं." त्याने इंजिनावर हात ठेवला. "हे बरोबर असेल तर मी गेलो. हे नसेल तर मला पाठवलं."

"बरोबरच आहे त्याचं," द्रौपदीबाई मराठीत म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.

त्या संध्याकाळी काशीनाथरावांनी ओसानला फोन लावला. मंत्रिमहोदय मोठ्या उत्साहात होते. तिथल्या ब्रिटिश राजदूताने त्यांना धमकीची प्रत दिल्यापासून त्यांनी संसदेत दोन तडाखेबंद भाषणं ठोकली होती. वानोमा कुणापुढे मान तुकवणार नाही, असं ते म्हणाले होते आणि पेपरांनी ते पहिल्या पानावर छापलं होतं. निवडणूक सहा आठवड्यांवर होती.

"काका, आम्हीही निर्बंध लावतोय," ओसान म्हणाला. "पक्षी बघायला येणाऱ्या ब्रिटिशांचे व्हिसा बंद."

"किती येतात?"

"गेल्या वर्षी तीन आले होते. पण तत्त्वाचा प्रश्न आहे."

काशीनाथरावांनी घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. पाच मेल, दोन मेल, नातीचा नियम, सकाळचा चहा.

"म्हणजे आपण नकार दिलाच नव्हता?" ओसानने विचारलं.

"आपल्याला कुणी विचारलंय हेच आपल्याला माहीत नव्हतं."

"काका," ओसानचा आवाज खाली आला, "हे आणखी सहा आठवडे माहीत नसलं तर चालेल का?"

काशीनाथराव गडबडले. मंत्र्याचा शब्द मोडायचा कसा, हे त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. एवढ्यात द्रौपदीबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ओसान, मी काकू. जेवलास का?"

"हो, काकू."

"तो माणूस बापाला भेटायला थांबलाय. त्याच्या बापाचं वय ब्याऐंशी आहे. तुझ्या निवडणुकीपर्यंत तो थांबेल का?"

ओसानने मोठा उसासा टाकला. वरच्या खोलीत राहत असताना एकदा परीक्षेच्या भीतीने तो दोन दिवस आजारी असल्याचं सोंग करून पडला होता. तेव्हा याच आवाजाने त्याला उठवून पेपरला पाठवलं होतं.

"नाही, काकू," तो म्हणाला. "मी बघतो. वाटाघाटी यशस्वी झाल्या असं म्हणता येईल."

"म्हण," द्रौपदीबाई म्हणाल्या आणि फोन काशीनाथरावांना परत दिला.

पुढच्या गुरुवारी क्लॅपहॅम जंक्शनला गाडी बदलून काशीनाथराव क्रॉयडनला पोचले. सातव्या मजल्यावरच्या खोलीत त्यांच्यासमोर पाच जण बसले होते. मध्यभागी हॅलम नावाचे किडकिडीत, सभ्य गृहस्थ होते. प्रत्येकापुढे एक फाईल होती आणि भिंतीवर वानोमाचा नकाशा लावला होता. तो बघून काशीनाथरावांना भरून आलं. त्यांच्या स्वतःच्या दूतावासातही एवढा मोठा नकाशा नव्हता.

"एक्सलन्सी," हॅलम म्हणाले, "आपल्या सरकारच्या भूमिकेत काही बदल आहे का?"

"भूमिका नव्हतीच," काशीनाथराव म्हणाले. "मी मेल डिलीट केले."

पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एका तरुण बाईंनी लिहायला पेन उचललं होतं, ते तसंच हवेत राहिलं.

"चुकून?"

"नाही. व्यवस्थित, एकेक करून. मला वाटलं तुम्ही भामटे आहात."

हॅलमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांची अडचण वेगळीच होती. नकार देणाऱ्या देशासाठी त्यांच्याकडे तीन टप्पे होते आणि नमतं घेणाऱ्या देशासाठी आभाराचं पत्र होतं. पण मेल न पाहिलेल्या देशासाठी काहीच नव्हतं. बरीच कुजबुज झाली. शेवटी असं ठरलं की वानोमाने 'भूमिकेत रचनात्मक बदल' केला असं लिहायचं. काशीनाथरावांनी मान हलवली. बदल झाला होता हे खरंच होतं, फक्त तो त्यांच्या सकाळच्या चहात झाला होता.

"मग प्रवासाची कागदपत्रं आपण देणार?"

"देणार. पण इंजिनासकट."

त्यांनी इंजिनाची हकीकत सांगितली. हॅलमसाहेबांनी तिसऱ्या टप्प्याचा मसुदा उघडला आणि ते कसनुसे झाले. ब्रिटनमधून वानोमाला जाणाऱ्या यंत्रसामग्रीत मुख्य वस्तू एकच होती: बोटींची इंजिनं. त्यांच्यावरच बंदी घालायचा बेत होता.

"म्हणजे तुम्ही इंजिन अडवणार," काशीनाथराव म्हणाले, "इंजिन अडलं की माणूस अडणार, आणि माणूस अडला म्हणून तुम्ही इंजिन अडवणार."

"तसं ते लिहिलेलं नाही," हॅलम हळूच म्हणाले.

"पण तसं ते होईल."

पेन हवेत धरलेल्या बाई आता खाली बघून ओठ दाबत होत्या. त्यांनीच नियमांची चोपडी चाळली. स्वखुशीने परत जाणाऱ्याला उपजीविकेची साधनं सोबत नेण्यासाठी मदत देता येते, असं एक कलम त्यात निघालं. इंजिन हे मासेमाराचं उपजीविकेचं साधन आहे का, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. टिमोना आचारी आहे असं एकाने काढलं. आचाऱ्याला मासे लागतात, असं काशीनाथराव म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं.

पण विमानाच्या मालात इंजिन घालता येतं का, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. इथे मात्र काशीनाथराव कोटाची बटणं सोडून पुढे सरकले. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. टाकी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, वास राहता कामा नये. तेल काढायचं. लाकडी पेटी, तीही कीडमुक्त असल्याचा शिक्का मारलेल्या लाकडाची. धोकादायक मालाचं घोषणापत्र कसं भरायचं आणि ते कोणत्या खिडकीवर द्यायचं. ते बोलत गेले आणि पाचही जण लिहून घेत गेले. कॉन्सल म्हणून बावीस वर्षांत त्यांचं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी प्रवासाच्या तातडीच्या दाखल्यांचं पुस्तक शोधलं. ते रजयांच्या कपाटात, सगळ्यात खाली, कोरंच्या कोरं निघालं. पहिल्याच दाखल्यावर त्यांनी वळणदार अक्षरात 'धारकाचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसरा बिनचूक भरला. शिक्क्याची शाई वाळून दगड झाली होती. द्रौपदीबाईंनी गरम पाण्याचे दोन थेंब टाकून ती जिवंत केली. टिमोना समोर बसून सगळं बघत होता. दाखला हातात आल्यावर त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "सर, यावर माझा व्यवसाय आचारी लिहिलाय. खलाशी होईल का? वडिलांना बरं वाटेल."

काशीनाथरावांनी तिसरा दाखला भरला.

इंजिन सोमवारी गेलं आणि टिमोना बुधवारी. विमानतळावर त्याच्या शेजारी कुणी पहारेकरी नव्हते. क्रॉयडनहून पेनवाल्या बाई आल्या होत्या, त्या लांब उभ्या राहिल्या. गाड्या धुणारे चौघे सुट्टी टाकून आले होते. टिमोनाने सगळ्यांना मिठी मारली, मग काशीनाथरावांसमोर ताठ उभा राहून हात पुढे केला. काशीनाथरावांनी हात हातात घेतला, आणि त्यांना सोडायचं सुचेना.

"सर, कधीतरी या," टिमोना म्हणाला. "तुमचा देश आहे."

तो गेटमधून आत गेला, तेव्हा वानोमाचा ब्रिटनमधला एकमेव नागरिक निघून गेला होता.

महिन्याभराने क्रॉयडनहून सुधारलेला तक्ता आला. सहकार्य शंभर टक्के, वानोमा सर्वांत वर. काशीनाथरावांनी राजीनामा लिहून ओसानला पाठवला. ओसानने तो आपल्याला मिळालाच नाही असं कळवलं. एकदा टिमोनाचा फोन आला. इंजिन पोचलं होतं, पण वानोमाच्या कस्टमवाल्यांनी ते बंदरात अडकवून ठेवलं होतं, कारण पेटीवरचा शिक्का त्यांच्या ओळखीचा नव्हता. काशीनाथरावांनी त्याच दिवशी तीन पानी पत्र लिहिलं, आणि दर दोन दिवसांनी फोन करत राहिले. अखेर मंत्रिमहोदयांना स्वतः बंदरावर जावं लागलं.

मे महिन्यात सान्वीने वानोमाच्या पेपरातला एक फोटो फोनवर काढून दिला. ओसान निवडून आला होता. फोटोत तो एका होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दोन्ही हात उंचावून उभा होता, मागे लोकांची गर्दी हात हलवत होती, आणि खाली 'ऐतिहासिक करारानंतर' असं काहीतरी छापलं होतं. टिमोना कुठे दिसत नव्हता. काशीनाथरावांनी फोटो खालीवर करून पाहिला आणि हिरमुसले.

द्रौपदीबाईंनी चष्मा लावला, स्क्रीनवर बोट ठेवून कोपरा मोठा केला. होडीच्या मागच्या टोकाला इंजिनाचा दांडा धरलेला एक जाड हात मनगटापर्यंत आला होता. बाकीचा माणूस फोटोबाहेर कापला गेला होता.

"हा बघा," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"बाकीचे सगळे हात हलवताहेत. होडी कुणीतरी चालवतच असेल ना?"

काशीनाथरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि तो हात नीट बघत बसले.